जर्मन प्रोफेसरला गोऱ्यांची कवटी श्रेष्ठ ठरवायची होती, पुण्याच्या इरावतीबाईंनी मोजून सांगितलं तसं काही नसतं

पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त भीती कशाची? गाईडची. गाईडला हवं ते उत्तर निघालं नाही तर काय, ही धाकधूक शेवटपर्यंत असते. इरावती कर्वे यांच्याबाबतीत तर गाईड होता ऑयगन फिशर. पुढे नाझींना ज्याचं वंशशास्त्र कामाला आलं, तोच.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील तिथं इंजिनियर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव पडलं. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. फर्ग्युसन झालं, मग मुंबईत घुर्ये सरांच्या हाताखाली एमए. लग्न झालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुलाशी, म्हणजे रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी.

आता गंमत बघा. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलं, त्या अण्णांनाच सुनेनं जर्मनीला जाणं पटलं नव्हतं. दिनकररावांनी मात्र बायकोची बाजू घेतली. पैशाचं काय, तर जीवराज मेहतांनी कर्ज दिलं. हे मेहता म्हणजे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते.

१९२८ ला इरावतीबाई बर्लिनला पोचल्या. संस्था होती कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट. माणसाचं शरीर, आनुवंशिकता आणि वंशसुधार हे तिथले विषय, आणि फिशर तिथला संचालक. त्यानं विषय दिला, माणसाची कवटी डावी-उजवी सारखी असते का?

वरवर साधा विषय. पण त्यामागं एक समज होता. युरोपियन गोऱ्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी एका बाजूला जास्त असते आणि म्हणूनच ते जास्त बुद्धिमान, असा. इतरांच्या कवटीत हा फरक दिसला नाही की झालं, श्रेष्ठत्व शास्त्रानं सिद्ध!

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. काही युरोपातल्या, काही जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. त्या कशा आणल्या असतील, याचा विचार करून बघा. एकेक कवटी घेऊन दोन्ही बाजूंची मापं घ्यायची, लिहून ठेवायची, पुन्हा ताडून बघायची. कंटाळवाणं काम, पण त्यातच सगळं होतं.

आकडे जुळवल्यावर दिसलं ते असं की कवटी थोडीफार वाकडी सगळ्यांचीच असते. वंशाचा त्याच्याशी संबंध नाही.

विशीतली, कर्ज काढून आलेली, गुलाम देशातली विद्यार्थिनी. डिग्री गाईडच्या हातात. आकडे थोडे इकडेतिकडे केले असते तर बर्लिनमध्ये कुणी विचारणार नव्हतं. त्यांनी निघालं ते तसंच लिहिलं. फिशरनं पास केलं, पण सगळ्यात खालचा शेरा देऊन.

पुढे १९३३ मध्ये नाझी सत्तेत आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या मिश्रवंशीय पोरांची सक्तीनं नसबंदी झाली, त्यासाठी मत देणाऱ्यांत तो होता. युद्धाच्या काळात आउशवित्झच्या छावणीतून मेंगेले मेलेल्या माणसांचे अवयव ज्या संस्थेत पाठवायचा, ती हीच. तोवर फिशर निवृत्त झाला होता, एवढंच.

इरावतीबाई परत आल्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवलं. मोजायचं काही सोडलं नाही. महाराष्ट्रात गावोगाव फिरून वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांची मापं घेतली, भारतातल्या नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणूनही लोक त्यांना ओळखायचे. ‘युगान्त’ला साहित्य अकादमी मिळालं.

१९७० मध्ये त्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा एक अहवाल छापून आला होता, कोयना धरणामुळं उठवलेल्या लोकांचं पुढं काय झालं त्यावर.