मुळाच्या टोकाचे महत्त्व ओळखणारे डार्विन

मुरबाड तालुक्यातील म्हसा परिसरात भातलावणीसाठी रोप उपटले, की मुळांना माती चिकटून येते. त्यात मुळांच्या टोकांतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाचाही वाटा असतो. हे टोक किती कामाचे आहे, हे चार्ल्स डार्विन यांनी दाखवले.

१८०९ मध्ये इंग्लंडमधील श्रूसबरी येथे जन्मलेले डार्विन उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे जगाला माहीत आहेत. उतारवयात मात्र ते डाउन गावातील घरी मुलगा फ्रान्सिस याच्यासह रोपांवर प्रयोग करत होते. आडव्या ठेवलेल्या मुळाचे टोक कापले, तर ते खाली वळत नाही, असे त्यांना आढळले. दिशा टोकाला कळते, वळतो मात्र मागचा भाग, असा निष्कर्ष त्यांनी १८८० च्या ग्रंथात मांडला. जर्मन शास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी तो फेटाळला. १८८२ मध्ये डार्विन यांचे निधन झाले. पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

टोकावरची मूलटोपी गुरुत्वाकर्षण ओळखते आणि चिकट द्रवही सोडते. त्यामुळे मूळ मातीत सहज शिरते, मातीचे कण धरून ठेवते आणि सूक्ष्मजीवांना अन्न मिळते. म्हणूनच रोप काढताना मुळे शक्य तितकी अखंड ठेवणे हिताचे.