डी.डी.टी.चे संशोधक पॉल म्युलर

ठाण्याच्या खाडीकाठच्या मानखुर्दला दिवेलागणीच्या वेळी डासांची गुणगुण सुरू होते. डासांपैकी अ‍ॅनॉफिलीस जातीच्या माद्या हिवताप पसरवितात. एके काळी या तापाने भारतात दरवर्षी लाखो माणसे दगावत. या शत्रूवर दीर्घकाळ टिकणारे अस्त्र मानवाच्या हाती आले, ते पॉल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाच्या चिकाटीमुळे.

म्युलर यांचा जन्म १२ जानेवारी १८९९ रोजी स्वित्झर्लंडमधील ओल्टेन येथे झाला. शिक्षण मध्येच सोडून त्यांनी काही काळ रसायनशाळेत काम केले. पण ज्ञानाची ओढ त्यांना पुन्हा अभ्यासाकडे घेऊन आली. १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते बाझेल शहरातील गायगी या रसायनांच्या कंपनीत रुजू झाले. दहा वर्षांनी त्यांनी कीटकनाशकांचे संशोधन हाती घेतले. त्या काळी वापरात असलेला सोमल माणसालाही मारक होता. फुलांपासून काढलेले औषध उन्हात लवकर निष्प्रभ होई. म्युलर यांना केवळ स्पर्शाने कीटक मारणारे, स्वस्त आणि टिकाऊ द्रव्य हवे होते.

चार वर्षांत त्यांनी ३४९ द्रव्ये पारखली. एकही कसोटीस उतरले नाही. तरी त्यांनी धीर सोडला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांनी आणखी एक द्रव्य काचेच्या पेटीत फवारून आत माश्या सोडल्या. थोड्याच वेळात त्या तडफडून मेल्या. पेटी स्वच्छ केल्यावर सोडलेल्या नव्या माश्याही जगल्या नाहीत! हेच डी.डी.टी. ते १८७४ मध्येच तयार झाले होते. परंतु त्याचा हा गुण ६५ वर्षे कोणालाही ठाऊक नव्हता.

डी.डी.टी. स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून फवारलेल्या भिंतीवर डास बसला, की ते त्याच्या पायांतून शरीरात शिरते. तेथे ते मज्जातंतूंना विसावा घेऊ देत नाही. कीटक थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो.

१९४८ मध्ये म्युलर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ पासून हिवताप नियंत्रणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. घरोघरी फवारणी झाली आणि रोगाला मोठा आळा बसला.

परंतु औषधाचा गुण केवळ औषधावर अवलंबून नसतो. मातीच्या भिंती ते शोषून घेत. फवारणीनंतर कोणी भिंत लिंपली किंवा तिला चुना दिला, तर औषध खाली झाकले जाई. शिवाय प्रत्येक फवारणीत काही चिवट कीटक वाचत आणि त्यांची प्रजा वाढे. अशा रीतीने डी.डी.टी.ला न जुमानणारे डास निर्माण झाले. फवारणीतील ढिलाईचीही त्यात भर पडली. १९७६ मध्ये भारतात हिवतापाचे ६० लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

म्युलर १९६५ मध्ये निवर्तले. त्यांनी अट्टाहासाने शोधलेला टिकाऊपणाच पुढे घातक ठरला. माती व पाण्यात वर्षानुवर्षे राहिलेले हे द्रव्य मासे आणि पक्षी यांच्या शरीरात साचू लागले. म्हणून भारताने १९८९ मध्ये शेतीतील त्याचा वापर बंद केला. म्युलर यांच्या चिकाटीने असंख्य प्राण वाचले, हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की शस्त्र कितीही प्रभावी असो, ते विवेकानेच चालवावे लागते.