महात्मा जोतीराव फुले : डाव्या हाताने लिहिलेलं पुस्तक


महात्मा फुले म्हटलं की मुलांना १८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते. पण त्यांची शेवटची सव्वादोन वर्षंही मुलांना सांगायला हवीत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८८२ मध्ये आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तेव्हा त्यांच्यावर खूप टीका झाली. त्या वेळी जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. आणि दोनच महिन्यांत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. लिहिणारा हातच गेला!

तेव्हा वय होतं ६१. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, सावित्रीबाईंनी सेवा केली. थोडं बरं वाटताच जोतीरावांनी डाव्या हातात लेखणी धरली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक १८८९ मध्ये लिहून पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक छापून आलं १८९१ मध्ये.

त्या काळी मेंदूच्या आत बघायची सोयच नव्हती. क्ष-किरणांचा शोधसुद्धा १८९५ चा. मेंदूचं सीटी स्कॅन आलं १९७१ मध्ये. आता एमआरआयच्या एका प्रकारात रुग्णाला मशीनमध्ये झोपवून बोटं हलवायला सांगतात आणि मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून ओळखतात. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. झटक्यानंतर लुळा हात हलवताना सुरुवातीला मेंदूच्या दोन्ही बाजू धडपडतात. हात चांगला सुधारत गेला, तर बहुतेकदा काम पुन्हा मूळ बाजूकडे येतं. म्हणजे मेंदू सरावाने स्वतःला नव्याने जुळवतो. म्हणूनच चांगल्या हाताने काम भागवलं तरी लुळ्या हाताचा व्यायाम सोडायचा नसतो.

पालकहो, आपल्याकडे अजूनही ‘लकवा मारला’ म्हणून आधी घरगुती उपाय करतात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी स्कॅन करून.

वर्गात एक उपक्रम घ्या. मुलांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने स्वतःचं नाव लिहायला सांगा. चार अक्षरांतच हात दुखेल. मग सांगा, जोतीरावांनी असं अख्खं पुस्तक लिहिलं.