कफन गुंडाळून स्वतःचं चित्र काढून घेणारा कवी : जॉन डन

आत्मा खरा की शरीर? कवींमध्ये हा वाद जुनाच. पण इंग्रजीत एक कवी असा होऊन गेला, ज्याचं अख्खं आयुष्यच या वादात गेलं. त्याचं नाव जॉन डन.

डनचा जन्म १५७२ चा, लंडनमधल्या कॅथलिक घरातला. तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं धोक्याचं होतं. एका धर्मगुरूला आसरा दिला म्हणून त्याचा भाऊ हेन्री तुरुंगात गेला आणि १५९३ मध्ये तिथंच वारला.

डन मात्र शृंगारिक कविता लिहायचा. त्या छापल्या जात नसत, मित्रांमध्ये हातोहात फिरत. त्याच्या ‘द एक्स्टसी’ या कवितेत प्रेमिकांचे आत्मे शरीराबाहेर येऊन एकरूप होतात, पण शेवटी शरीराकडेच परततात. शरीर नसेल तर प्रेम दिसणार तरी कुठं, असा डनचा सवाल होता.

१६०१ मध्ये त्याने ॲन मोरशी गुपचूप लग्न केलं. ती त्याच्या साहेबांच्या बायकोची भाची. सासरा भडकला, डनची नोकरी गेली, वर तुरुंगवास. पुढची अनेक वर्षं ओढाताणीत गेली.

१६१५ मध्ये तो अँग्लिकन धर्मगुरू झाला. दोनच वर्षांनी बाराव्या बाळंतपणानंतर ॲन गेली. तेव्हा ती अवघी ३३ वर्षांची होती. डनने पुन्हा लग्न केलं नाही. तिच्यावरच्या सुनीतात तो म्हणतो की, तिच्यावरच्या प्रेमानेच आपल्याला देवाकडे नेलं. पण देव मिळाला तरी तहान भागत नाही, हेही तो लपवत नाही.

१६२१ मध्ये तो सेंट पॉल्स कॅथेड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख झाला. १६२३ मध्ये जीवघेण्या तापातून उठला आणि त्या आजारपणावरच पुस्तक लिहिलं. शरीर एकेक पायरी खचत असताना मनाचं काय होतं, याची ती नोंद होती.

१६३१ मध्ये मरण समोर दिसू लागलं. त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो की, डनने कफन गुंडाळून, डोळे मिटून उभ्याने स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि ते पलंगाशेजारी ठेवलं. ३१ मार्चला तो गेला. शेवटच्या दिवशी आत्म्यासोबत शरीरही पुन्हा उठेल, अशी त्याची श्रद्धा होती.

१६३३ मध्ये त्याच्या कविता छापून आल्या. शृंगाराच्या आणि भक्तीच्या, एकाच पुस्तकात.

कफनातल्या डनचा संगमरवरी पुतळाही उभारला गेला. १६६६ च्या भीषण आगीत जुनं कॅथेड्रल जळालं, पण हा पुतळा वाचला. आजच्या सेंट पॉल्समध्ये तो अजूनही उभा आहे.