फाळाची पारख

कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दर वर्षी एक चर्चासत्र भरतंच. प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, आणि आणायचा पुण्याहून की नाशिकहून? संगमनेर पडलं दोन्हींच्या मध्ये, त्यामुळे हा वाद मिटायची चिन्हं नाहीत! मशीन टिकेल का, हा प्रश्न मात्र शेवटी येतो, आणि तोवर सगळ्यांना झोप आलेली असते.

या प्रश्नाचा विचार करताना मला एक माणूस आठवतो. भारतात पहिला कॉम्प्युटर कोलकात्याला आला तो १९५५ च्या सुमारास, आणि हा माणूस १९५६ साली वारला. त्यामुळे कॉम्प्युटरशी त्याचा काहीच संबंध नाही. पण लोखंडाची वस्तू विकताना गिऱ्हाईक काय काय पाहतं, हे त्याच्याइतकं महाराष्ट्रात फार कमी लोकांनी सोसलं असेल. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना. आवडी दोनच, चित्रं आणि यंत्रं. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. दोनेक वर्षांतच कळलं, की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला याहून मोठा धक्का कोणता? पण लक्ष्मणराव रडत बसले नाहीत. यंत्राच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही, लागते ती रेघ आणि माप. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटवरून जे वैतागतात, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

नोकरी चालू असतानाच त्यांनी बंधू रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. साल १८८८. मुंबईहून सायकली पाठवायच्या, बेळगावात रामूअण्णांनी त्या विकायच्या आणि लोकांना चालवायलाही शिकवायचं. दुरुस्तीचं कामही होतंच. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. नुसती विकणाऱ्याला माल जितका कळतो, त्याच्या दसपट तो दुरुस्त करणाऱ्याला कळतो. सायकलची साखळी कुठे झिजते, बेअरिंग कुठे खातं, हे जाहिरातीत सापडत नाही, ते उघडलेल्या सायकलीतच दिसतं.

पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थांना दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे छोटासा कारखाना काढून आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

आणि इथे खरी परीक्षा झाली. नांगर तयार, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण सबमिशनची तारीख दोन दिवसांनी पुढे ढकलली तरी रूमवर जल्लोष करतो.

ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेला हसायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. माझे आजोबा संगमनेर तालुक्यातले शेतकरी. विहिरीवर मोटार बसवायची तेव्हा त्यांना हॉर्सपॉवरपेक्षा दोन प्रश्नांची काळजी जास्त असायची : ही आणखी कुणाच्या विहिरीवर चालू आहे, आणि बंद पडली तर उघडणार कोण? ऐन उन्हाळ्यात ऊस वाळत असताना कंपनीचं सुंदर माहितीपत्रक काय कामाचं? बेळगावकडच्या त्या शेतकऱ्याचं कारण चुकीचं असेल, पण सावधपणा चुकीचा नव्हता. त्याच्याकडे पेरणीचा हंगाम एकच. मोडला तर लाकडी नांगर गावचा सुतार नीट करून देतो, लोखंडी नांगर कुणी करायचा? एक पावसाळा काढलेला नांगर त्याने अजून पाहिलाच नव्हता. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर त्याच्याकडे फील्ड डेटा नव्हता!

आपल्याकडे तरी कुठे असतो? हार्ड डिस्कच्या माहितीत एमटीबीएफ पंधरा लाख तास, असा आकडा दिसतो. हिशेब केला तर होतात १७१ वर्षं. म्हणजे डिस्क पणतूच्या पणतूला वापरता येईल? अजिबात नाही. त्याचा अर्थ एवढाच, की अशा हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यातल्या साधारण सहा बंद पडतील. तुमची त्या सहांत आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही, आणि डिस्क जुनी झाल्यावर काय होईल हेही सांगत नाही. तसंच पॉवर सप्लायवरचं ८० प्लस. ते प्रमाणपत्र वीज किती वाया जाते याचं आहे, एसएमपीएस किती वर्षं जगेल याचं नाही. दोन वेगळ्या गोष्टी आपण सर्रास एक समजतो.

नांगरात सगळ्यात जास्त झिजतो तो फाळ. मातीशी, दगडाशी गाठ त्याचीच. म्हणून चांगल्या लोखंडी नांगराचा फाळ वेगळा काढून बदलता येतो. बाकी सांगाडा कितीही दणकट असो, फाळ लेचापेचा असेल तर नांगर लेचापेचा. आपल्या पीसीचा फाळ कोणता? माझ्या मते एसएमपीएस. लाइट जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, ते सगळं अंगावर घेतो तो एसएमपीएस, आणि पैसे वाचवायची वेळ आली की कात्री लागते तीही त्यालाच. जुन्या लोकांना आठवत असेल, २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर कितीतरी मदरबोर्ड बाद झाले ते काही रुपयांच्या कपॅसिटरमुळे. डोकं फुगलेले, आतला द्रव पाझरलेले कपॅसिटर. प्रोसेसर शाबूत, बोर्ड मेलेला!

परत लक्ष्मणरावांकडे येऊ. नांगर खपू लागले, जरा स्थिरावतंय म्हणेपर्यंत बेळगाव नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचं राज्य. १९१० साली लक्ष्मणरावांनी तिथे कारखाना आणि वसाहत उभी करायला घेतली. तीच आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी. या वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्याचं काम दिलं. जगाने ज्यांच्यावर बाद असा शिक्का मारला होता, त्यांची पारख त्यांनी शिक्का बघून केली नाही, काम देऊन केली. पारख करायची ही रीत मला माणसाला आणि मशीनला सारखीच लागू वाटते.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगर यायचे थांबले आणि मागणी वाडीकडे वळली. पण लोखंड आणि कोळसा मिळेना. अशा काळात कारखाना तग धरून राहिला, आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही पब्लिक लिमिटेड कंपनी झाली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन १९२६ साली परतला. पुढे पंप आले, डिझेल इंजिनं आली, हरिहरला लेथ बनू लागले, बंगळूर आणि पुण्यात कारखाने निघाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

दोन वर्षं ज्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही, त्याच्या मालावर पुढे गावोगावच्या शेतकऱ्यांनी विश्वास टाकला. हा विश्वास नावाने आला नाही, कारण सुरुवातीला नावाला किंमतच नव्हती. शेजारच्या शेतात नांगर चालताना दिसला, दुसऱ्या हंगामातही चालताना दिसला, तेव्हा तो आला.

म्हणून माझं साधं गणित असं आहे. नवीनच बाजारात आलेल्या मॉडेलपेक्षा वर्षभर कुणाच्या तरी टेबलावर तापलेलं मॉडेल बरं. सीनियरच्या रूमवर जाऊन त्याचा पंखा ऐकावा, लॅपटॉपची बिजागरी हलवून बघावी. वॉरंटी किती वर्षांची हे विचारावंच, पण सर्व्हिस सेंटर संगमनेरात आहे की सामान घेऊन नाशिकची एसटी पकडायची, हेही विचारावं. मशीन आणल्यावर पहिले काही दिवस त्याला भरपूर पळवावं, कारण मुळात कच्चे असलेले भाग बहुधा सुरुवातीलाच दगा देतात, आणि तेव्हा बदलून मिळायची शक्यता जास्त असते. रॅम नंतर वाढवता येते. एसएमपीएसवर पहिल्या दिवशीच चार पैसे जास्त घालावेत.

दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. त्या शेतकऱ्यांनी लक्ष्मणरावांना दोन वर्षं थांबवलं होतं, आपण दुकानदाराचा अर्धा तास घेतला तर काय बिघडलं?