किहीमचा किनारा आणि बेकार सलीम अली

नोव्हेंबर उजाडला की अंबाझरी व गोरेवाडा येथील तलावांवर उत्तरेकडची बदके उतरू लागतात. २०२० पासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. त्यातील पहिली तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, शेवटची डॉ. सलीम अली यांच्या. चितमपल्लींचे नागपूरशी असलेले नाते येथील वाचकांना सांगावयास नको. सलीम अली मात्र सप्ताहाच्या भाषणांतून पद्मविभूषण, राज्यसभा आणि ग्रंथांची नावे एवढ्यापुरतेच उरतात. वयाची चौतिशी गाठताना हा माणूस बेकार होता, ही गोष्ट त्या यादीत बसत नाही आणि म्हणून सांगितलीही जात नाही.

१८९६ साली मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींचे आईवडील ते अगदी लहान असतानाच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरात ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तिचे नाव विचारावयास हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेला, आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेले खण त्याच्यापुढे उघडले गेले. ही कथा सर्वश्रुत आहे. पुढचे तितके सर्वश्रुत नाही. १९१३ साली ते मॅट्रिक झाले तेही जेमतेम. महाविद्यालय सोडून ब्रह्मदेशात कुटुंबाच्या वुल्फ्रॅमच्या खाणी व लाकडाचा धंदा पाहण्यास गेले. परतल्यावर दावर कॉलेजात हिशेबनिशी आणि व्यापारी कायदा शिकले, त्याच सुमारास सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही. पण विद्यापीठाची पदवी हाती नव्हती आणि तिच्यावाचून सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे दार उघडले नाही.

१९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. पगार दरमहा ३५० रुपये. दोन वर्षांनी रजा काढून ते बर्लिनला स्ट्रेझमान यांच्याकडे शिकावयास गेले. उत्तर समुद्रातील हेलिगोलंड बेटावर पक्षी पकडून त्यांच्या पायात क्रमांकाचे वाळे घालण्याचे शास्त्र त्यांनी तेथे पाहिले. १९३० मध्ये परतले, तर निधी नाही म्हणून ते पदच रद्द झालेले! जागतिक मंदीचे ते दिवस होते. ज्ञान वाढवून आलेल्या माणसाला काम देण्यास पैसा नसावा, हा व्यवहार आज तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना अपरिचित वाटणार नाही.

मुंबईत राहणे परवडेना, तेव्हा सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी ती दिवसच्या दिवस बसून पाहिली. नर घरटे अर्धेच विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले की आत राहते. मग नर प्रवेशाची नळी पुरी करतो आणि शेजारी दुसरे घरटे, दुसऱ्या मादीसाठी, विणावयास घेतो. एक नर, एक मादी, एक संसार हा गोड समज या नोंदींनी मोडला. नोकरी असती तर एवढी सलग फुरसत कोठून मिळाली असती? बेकारीचे गुणगान मात्र येथे करावयाचे नाही. सर्वांनाच किहीमला घर आणि तेहमिनांसारखी सोबत नसते.

हिवाळ्यात याच किनारपट्टीचे रूप पालटते. भरतीपूर्वी वाळूवर आणि खाडीच्या चिखलात कुरव, सुरय, चिखल्या, तुतारी यांची गर्दी होते. चिमणीएवढा टिलवा सैबेरियाच्या ध्रुवालगतच्या माळांवरून येतो. या पक्ष्यांचे घड्याळ सूर्याचे नसून समुद्राचे असते: ओहोटी लागली की खाणे, भरती आली की विसावा. आणि भरतीत किनारा बुडाला की त्यांना आतल्या मिठागरांत, खाजणांत, दलदलीत जागा लागते. ती जागा गेली तर समोरचा चिखल कितीही सकस असो, उपयोगाचा नाही.

हे पक्षी येतात कोठून आणि जातात कोठे, याचा हिशेब मांडणे हे सलीम अलींचे उत्तरायुष्यातील मोठे काम. तत्पूर्वी त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, म्हैसूर अशा संस्थानांची पक्षिसर्वेक्षणे केली ती एका विलक्षण अटीवर: प्रवास आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, वेतन नको. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक आले आणि कारकून-शिक्षकांच्या घरांतही पोचले. कर्नाटकातील क्यासनूर येथील जंगली तापाचा उगम शोधताना पाहुण्या पक्ष्यांवर संशय आला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सोसायटीने हजारो पक्ष्यांना वाळी घातली. नंतर अमेरिकी लष्कराशी संबंधित निधीही आला आणि त्यावरून सत्तरच्या दशकात टीका झाली. ती अगदीच निराधार नव्हती. परंतु स्वदेशी पैसा त्या वाळ्यांसाठी पुढे आला नव्हता, हेही तितकेच खरे.

पदवी नाही म्हणून ज्यांना नाकारले त्यांना अलीगढ आणि दिल्ली विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १९७६ साली गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर मिळाले, त्यांतील बहुतेक रक्कम त्यांनी सोसायटीच्या निधीस दिली. १९८७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.

किनाऱ्यावरील दलदल मात्र आजही अनेकांच्या लेखी पडीक जमीन आहे. पडीक म्हणजे किंमत शून्य, म्हणून भराव सर्वांत स्वस्त तेथेच. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडीमुखापलीकडे, किहीमच्या वाटेवरील उरणच्या पाणथळ जागांवर मात्र मातीचे भराव पडत गेले आणि भरतीच्या वेळी तेथे उतरणाऱ्या थव्यांची जागा आक्रसत गेली.