पेट्रोल की वीज? फर्डिनांड पोर्शे यांचे शतकापूर्वीचे उत्तर

मोटारींच्या दालनात शिरलेल्या शहरी ग्राहकापुढे हल्ली एक पेच हमखास उभा राहतो. उंच, ऐसपैस, पेट्रोलवर धावणारी 'एसयूव्ही' घ्यावी, की पेट्रोल इंजिनाला विद्युत मोटरची जोड असलेली 'हायब्रिड' सेडान? हा प्रश्न नव्या शतकाने जन्माला घातला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. पेट्रोल आणि वीज यांचा संसार एकाच मोटारीत थाटण्याचा प्रयोग १९०० सालीच झाला होता. तो करणारे अभियंता होते फर्डिनांड पोर्शे. पुढे चारही चाकांना गती देणाऱ्या, चिखल तुडवणाऱ्या पेट्रोल गाड्याही त्यांच्याच कार्यालयातून बाहेर पडल्या.

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी झाला. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात असलेले हे गाव आज चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स शहराचा भाग आहे. वडील अँटोन पत्रेकाम करणारे कुशल कारागीर. मुलाने वडिलार्जित धंदा सांभाळावा, ही त्यांची अपेक्षा. मुलाला मात्र विजेने झपाटले होते. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम आणि रात्री तांत्रिक शाळेचे वर्ग, असा त्याचा दिनक्रम होता. किशोरवयातच त्याने घरात विजेचे दिवे लावून दाखवले. अखेर १८९३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नातील बेला एगर या विद्युत उपकरणांच्या कंपनीत दाखल झाला. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. सवड मिळेल तेव्हा तांत्रिक विद्यापीठातील व्याख्यानांना गुपचूप हजेरी लावून त्याने ती उणीव भरून काढली.

राजघराण्यासाठी बग्ग्या बनवणाऱ्या लोनर यांच्या कारखान्यात पोर्शे १८९८ मध्ये रुजू झाले. त्या काळी पेट्रोलची मोटार म्हणजे धूर, खडखडाट आणि हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची कटकट. लोनर यांना शांत, स्वच्छ वाहन हवे होते. पोर्शे यांनी पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यातच विद्युत मोटर बसवली. साखळी नाही, गिअर नाही. १९०० च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात ही मोटार झळकली आणि चोवीस वर्षांच्या अभियंत्याचे नाव युरोपभर झाले.

पण तिचे दुखणे तिच्या पोटातच होते. शिशाच्या बॅटऱ्या प्रचंड जड आणि एका भारणीत पल्ला जेमतेम पन्नास किलोमीटरचा. विशेष मागणीवरून बनवलेल्या एका शर्यतीच्या गाडीत तर बॅटऱ्यांचेच वजन १८०० किलो भरले. त्यावर पोर्शे यांनी काढलेला तोडगा म्हणजे 'सेम्पर व्हिव्हस', अर्थात सदैव सजीव. त्यांनी बॅटरी लहान केली आणि गाडीतच दोन छोटी पेट्रोल इंजिने बसवली. इंजिने चाके फिरवत नसत. ती जनित्रे फिरवत, जनित्रांची वीज चाकांतील मोटरना मिळे आणि उरलेली बॅटरीत साठे. जनित्रे उलट चालवून इंजिन सुरू करण्याची सोयही त्यात होती. पल्ला दोनशे किलोमीटरपर्यंत गेला. यातूनच 'मिक्स्टे' ही विक्रीयोग्य गाडी घडली आणि १९०२ मध्ये तिच्यासह पोर्शे यांनी एक्सेलबर्गची चढणीची शर्यत जिंकली.

तरीही बाजाराने कौल दिला तो पेट्रोललाच. दुहेरी यंत्रणा महाग होती, गुंतागुंतीची होती आणि तिची देखभाल करणे जिकिरीचे होते. दुसरीकडे पेट्रोल इंजिन वर्षागणिक स्वस्त आणि भरवशाचे होत गेले. पोर्शे यांनी हा कौल स्वीकारला. १९०६ मध्ये ते ऑस्ट्रो-डेमलरचे तांत्रिक प्रमुख झाले आणि १९१० ची प्रिन्स हेन्री स्पर्धा त्यांनी पेट्रोलच्या गाडीने जिंकली. मात्र जुने प्रेम आटले नव्हते. पहिल्या महायुद्धात अवजड तोफा ओढणाऱ्या त्यांच्या वाहनमालिका पेट्रोल-वीज यंत्रणेवरच चालत. या कामगिरीनंतर, १९१७ मध्ये, ज्या विद्यापीठात ते चोरून बसत, त्यानेच त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

पुढे स्टुटगार्टमध्ये डेमलरची नोकरी झाली आणि १९३१ मध्ये त्यांनी तेथे स्वतःचे अभिकल्प कार्यालय थाटले. सामान्यांना परवडणारी छोटी मोटार हे त्यांचे स्वप्न होते. ते साकारायला मदतीचा हात आला तो हिटलरचा, आणि पोर्शे यांनी तो धरला. १९३४ मध्ये त्यांना लोकांच्या मोटारीचे कंत्राट मिळाले, १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. सुमारे ३ लाख ३६ हजार जर्मनांनी या मोटारीसाठी आठवड्याला पैसे साठवले, पण युद्ध संपेपर्यंत त्यांतील एकाच्याही दारात ती उभी राहिली नाही. कारखान्यातून बाहेर पडली ती लष्करी 'क्यूबेलवागन', पाण्यातही चालणारी 'श्विमवागन' आणि चारही चाकांना गती देणारी बीटल. आजच्या एसयूव्हीचे गुण या गाड्यांत दिसतात. त्या घडवण्यासाठी युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी राबवले गेले. पोर्शे त्या कारखान्याच्या व्यवस्थापनात होते. त्यांच्या प्रतिभेचे मोजमाप करताना ही बाजू वगळता येत नाही.

युद्धकाळातही त्यांनी विजेचा हट्ट सोडला नाही. टायगर रणगाड्याच्या त्यांच्या आराखड्यात पेट्रोल इंजिने जनित्रे फिरवत आणि विद्युत मोटर पट्टे ओढत. १९४२ च्या चाचण्यांत तो मागे पडला आणि पसंती हेन्शेल कंपनीच्या साध्या रचनेला मिळाली. आधीच तयार झालेल्या सुमारे नव्वद सांगाड्यांची रणगाडाविरोधी वाहने झाली आणि ती १९४३ मध्ये कुर्स्कच्या रणांगणावर उतरली. त्यांना नाव मिळाले 'फर्डिनांड'.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्शे यांना अटक केली. खटला न चालवता सुमारे वीस महिने कैदेत ठेवून १९४७ मध्ये त्यांची सुटका झाली. पुत्र फेरी यांनी १९४८ मध्ये पोर्शे नावाची पहिली क्रीडामोटार रस्त्यावर आणली, ती त्यांनी पाहिली. ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची बीटल २००३ पर्यंत बनत राहिली आणि तिची संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली.

हायब्रिडचे पुनरागमन मात्र त्यांना पाहता आले नाही. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली. हलक्या बॅटऱ्या आणि संगणकीय नियंत्रण हाताशी आल्यामुळे जुनी अडचण सुटली. पोर्शे कंपनीने २००२ मध्ये 'कायेन' ही एसयूव्ही आणली, २०१० मध्ये तिचे हायब्रिड रूप सादर केले आणि २०११ च्या जिनिव्हा प्रदर्शनात 'सेम्पर व्हिव्हस'ची हुबेहूब प्रतिकृती मांडली.

दालनातील ग्राहकाचा पेच अर्थातच त्याचा त्यालाच सोडवावा लागतो. सिग्नलला थांबत-सरकत ज्याचा दिवस जातो, त्याला हायब्रिडची बचत अधिक जाणवते. खडबडीत वाटा आणि मोठे कुटुंब असेल, तर उंच गाडीची सोय नाकारता येत नाही. पोर्शे यांचे आयुष्य सांगते ते इतकेच की, यंत्राची निवड केवळ गुणांवर ठरत नाही, किंमत आणि काळ यांचाही त्यात वाटा असतो. आणि ते यंत्र कोणासाठी, कोणाच्या श्रमांवर घडते, हा प्रश्नही त्या निवडीपासून वेगळा काढता येत नाही.